आपली चूल, दुसऱ्याचें गांव

सुटी जवळ आली कीं शहरांतल्या सुशिक्षित कुटुंबापुढें एक प्रश्न हटकून उभा राहतो : जावें कोठें, आणि गेल्यावर जेवणाखाण्याची व्यवस्था काय? आपल्या मागल्या पिढ्यांनीं या प्रश्नाला एक सोपें उत्तर शोधून काढलें होतें. 'हवापालट' या नांवानें ती मंडळी त्याला ओळखीत. लोणावळ्यास किंवा पांचगणीस महिना-पंधरा दिवसांसाठीं एखादें बिऱ्हाड भाड्यानें घ्यावयाचें, ट्रंकांच्या जोडीला डाळतांदळाच्या पिशव्या, स्टोव्ह आणि पितळेचीं पातेलीं न्यावयाचीं, आणि नव्या हवेंत आपला जुनाच संसार मांडावयाचा, अशी ती रीत होती. यात्रेकरूंची तऱ्हाही त्याच जातीची. धर्मशाळेंत उतरावें, गांवच्या वाण्याकडून शिधा घ्यावा, तीन दगड मांडून त्यांवर खिचडी शिजवावी आणि पुढच्या मुक्कामाला लागावें. पुढें उपाहारगृहें वाढलीं, विश्रामधामें निघालीं, आणि प्रवासांत स्वयंपाक करणें हें गरिबीचें लक्षण ठरूं लागलें.

आतां काळाचें चक्र पुनः फिरलें आहे. शेतावरचें एखादें लहानसें घर चार-आठ दिवसांसाठीं घ्यावें, आपला स्वयंपाक आपण करावा, आणि जवळचें ऐतिहासिक शहर सवडीनें पाहावें, हा प्रकार युरोपांत चांगलाच रुजला आहे आणि आपल्याकडेही रुजूं पाहत आहे. आज त्याच्याविषयीं चार गोष्टी सांगावयाच्या आहेत, आणि त्या सांगतांना पुणें शहराच्या पूर्वेस व ईशान्येस पसरलेले शिरूर आणि दौंड हे दोन तालुके डोळ्यांपुढें ठेवावयाचे आहेत. माझा मुद्दा थोडक्यांत असा : अशा मुक्कामाचें सुख नुसत्या मोकळ्या हवेवर अवलंबून नाहीं. तें चुलीवर अवलंबून आहे. चूल कोण पेटवितो, तिच्यावर कोणतें पाणी चढतें, आणि तिच्यापाशीं राबणाऱ्या हातांना मोबदला काय मिळतो, या तीन प्रश्नांचीं उत्तरें सरळ असतील तर सुटी पाहुण्यालाही गोड लागते आणि यजमानालाही. उत्तरें वांकडीं असतील तर एकाची सुटी ती दुसऱ्याची वेठ होते.

प्रथम इटली देशाकडे वळूं, कारण या प्रकाराला कायद्याचें रूप तेथें लवकर मिळालें. त्या देशांतल्या टस्कनी प्रांतांत सिएना नांवाचें एक जुनें नगर आहे. तांबूस विटांचीं घरें, शिंपल्याच्या आकाराचा उतरता चौक, आणि त्या चौकांत दरवर्षीं २ जुलै व १६ ऑगस्ट या दिवशीं होणारी घोड्यांची शर्यत यांमुळें तें सर्वत्र प्रसिद्ध आहे. नगराबाहेर पडलें कीं द्राक्षांचे मळे, ऑलिव्हचीं झाडें आणि टेकड्यांवर एकाकी उभीं असलेलीं शेतघरें दिसूं लागतात. पाहुणे उतरतात ते या घरांत. आपला पाव, आपलें ऑलिव्हचें तेल, शेजारच्या शेतांतली भाजी घेऊन ते स्वतः रांधतात, आणि मन झालें कीं सिएना पाहून येतात.

पण हीं घरें रिकामीं कां झालीं? त्या प्रांतांत शेंकडों वर्षें 'मेझ्झाद्रिया' नांवाची पद्धत होती. आपल्याकडील अर्धेलीसारखीच ती; जमीन मालकाची, राबणें कुळाचें, आणि पीक निम्में निम्में. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांचीं तरुण मुलें कारखान्यांकडे निघून गेलीं, १९६४ च्या कायद्यानें असे नवे करार करण्यास बंदी केली, आणि शेतावरचीं घरें ओस पडलीं. मग त्यांची डागडुजी होऊन तीं पाहुण्यांस देण्यांत येऊं लागलीं. १९८५ सालीं इटलीनें या व्यवसायासाठीं स्वतंत्र कायदा केला आणि २००६ सालीं त्याच्या जागीं नवा आणला. दोन्ही कायद्यांचें मूळ सूत्र एकच आहे : शेती हा मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुण्यांचें उत्पन्न तिला पूरक असावें. शेत पडीक टाकून नुसत्या खोल्या भाड्यानें देणाऱ्याला कायद्यानें दिलेलें तें नांव लावतां येत नाहीं.

आपल्याकडे या विचाराला संघटित रूप आलें तें २००५ च्या सुमारास, बारामती तालुक्यांत. पांडुरंग तावरे यांनीं तेथें कृषिपर्यटनाचा प्रयोग सुरू केला आणि पुढें अनेक शेतकऱ्यांना त्याचें शिक्षण दिलें. सप्टेंबर २०२० मध्यें महाराष्ट्र शासनानें कृषिपर्यटनाचें धोरण जाहीर केलें. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन खात्याकडे नोंदणी करून हा जोडधंदा करतां येतो. सूत्र इटलीचेंच : शेत आधीं, पाहुणा नंतर. मात्र दोन देशांत एक मोठा फरक आहे आणि तो विसरून चालावयाचें नाहीं. टस्कनीचीं घरें रिकामीं होतीं. आपल्याकडे मळ्यांतली वस्ती नांदती आहे. गोठ्यांत गाई आहेत, ओसरीवर म्हातारी बसलेली आहे, पोरें शाळेला जात आहेत. पाहुण्याची चूल येथें यजमानाच्या चुलीपासून पंचवीस पावलांवर पेटते. म्हणून आपल्याकडे हा प्रश्न घराच्या भाड्यापुरता राहत नाहीं. दोन चुलींच्या शेजारधर्माचा तो प्रश्न होतो.

आतां त्या मुलखाची थोडी ओळख करून घेऊं. भीमाशंकराच्या डोंगरांत उगम पावलेली भीमा सह्याद्रि सोडून पूर्वेकडे वळते. तिच्या उत्तरेस शिरूर तालुका, दक्षिणेस दौंड. शिरूर तालुका बव्हंशीं भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या मध्यें पसरलेला आहे, आणि शिरूर गांवाला घोडनदी असें दुसरें नांव आहे तें यामुळेंच. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यानें शिरूर सुमारें सत्तर किलोमीटर पडतें. दौंड लोहमार्गावर आहे. पुण्याच्या पूर्वेकडील हा मार्ग १८५८ सालीं सुरू झाला आणि १८७८ मध्यें दौंडाहून मनमाडकडे फांटा निघाला. आजही पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडींत बसलें कीं उरुळी, यवत, खुटबाव, केडगांव, कडेठाण, पाटस अशीं स्टेशनें एकामागून एक येतात, आणि खिडकींतून ऊंस, कांदा व जोंधळ्याचीं शेतें दिसत राहतात. जुन्या दप्तरांत या बाजूला भीमथडी म्हणत. याच थडीवरच्या काटक, बुटक्या घोड्यांनीं मराठ्यांच्या स्वाऱ्यांना पाठबळ दिलें.

हा मुलूख पर्जन्यछायेंतला आहे. वर्षाचा पाऊस साधारणपणें पांचशें मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. चैत्र-वैशाखांत ऊन असह्य होतें. म्हणून जावयाचें तर दिवाळीनंतर जावें आणि होळीच्या आधीं परतावें. त्यांतही पौष-माघ हे महिने उत्तम, कारण तेव्हां शाळूचीं कणसें दुधांत आलेलीं असतात आणि हुरड्याचा हंगाम असतो.

पाहण्यासारखें येथें पुष्कळ आहे, पण एका दिवशीं एकच ठिकाण हा नियम बरा. रांजणगांवचा महागणपति अष्टविनायकांपैकीं एक. वढू बुद्रुक येथें छत्रपति संभाजी महाराजांची समाधि आहे. १६८९ सालच्या त्यांच्या हौतात्म्याची ती खूण. त्याच बाजूस कोरेगांव भीमाच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ उभा आहे. पाबळ गांवीं मस्तानीची कबर आहे. ती १७४० मध्यें, बाजीरावांच्या मागोमाग, निवर्तली. याच पाबळांत डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रमाची स्थापना केली आणि हातानें काम करीत शिकण्याचें शिक्षण खेड्यांतल्या मुलांना देऊं केलें. मोराची चिंचोली हें गांव चिंचेच्या झाडांसाठीं व त्यांवर विसावणाऱ्या मोरांसाठीं ओळखलें जातें. टाकळी हाजी आणि पलीकडच्या तीरावरचें निघोज यांच्यामध्यें कुकडी नदीनें काळ्या खडकांत रांजणाच्या आकाराचे खोल खळगे कोरले आहेत. पुराच्या पाण्याबरोबर भोंवऱ्यांत सांपडलेले गोटे हजारों वर्षें जागच्या जागीं फिरत राहिले आणि त्यांनीं खडकाला भोंकें पाडलीं, असा त्यांचा उलगडा आहे. दौंड तालुक्यांत केडगांवीं पंडिता रमाबाईंचें मुक्ति मिशन आहे. दुष्काळांत निराधार झालेल्या शेंकडों स्त्रियांना व मुलींना त्यांनीं तेथें आसरा दिला आणि शेती, विणकाम, छापखाना असे उद्योग शिकवून स्वतःच्या पायांवर उभें केलें. १९२२ सालीं रमाबाई तेथेंच वारल्या.

परंतु आपल्या आजच्या विषयाशीं सर्वांत जवळचें ठिकाण कोणतें म्हणाल, तर तें इनामगांव. घोड नदीच्या उजव्या तीरावरच्या या गांवापाशीं डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनीं १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केलें. डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी हीं नांवें त्या कामाशीं जोडलेलीं आहेत. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे जवळजवळ नऊशें वर्षें, तेथें शेतकऱ्यांची वस्ती होती. घरें सांपडलीं, घरांतल्या चुली सांपडल्या, धान्य सांठविण्याच्या जागा सांपडल्या, आणि नदीच्या पुराचें पाणी वळवून घेण्यासाठीं खणलेला पाटही सांपडला. जव हें त्या लोकांचें मुख्य पीक होतें. पुढें सनापूर्वीं हजाराच्या सुमारास हवामान कोरडें होत गेलें. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागीं लहान गोल झोपड्या आल्या, शेती मागें पडली, गुरें-मेंढरें राखणें आणि शिकार यांवर भर आला, आणि शेवटीं वस्ती उठली. जागेवर आज एका पांढरीच्या टेकाडाखेरीज विशेष कांहीं दिसत नाहीं. पुण्यांत डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयांतील वस्तु आधीं पाहून मग तेथें जावें, म्हणजे तें टेकाड बोलूं लागतें. तें सांगतें तें एवढेंच कीं या मुलखांत चूल पेटती राहते ती पाण्याच्या जोरावर.

हें मनांत ठेवून आतां स्वयंपाकघराकडे वळूं. शेतावरच्या घरांत बहुधा गॅसची शेगडी असते आणि बाहेर अंगणांत मातीची चूलही असते. शहरांतून सर्व सामान बांधून नेण्याचा मोह टाळावा. तेल, चहा, मसाला आणि मुलांच्या संवयीच्या चार वस्तु न्याव्या. धान्य, भाजी, दूध, गूळ हें सारें तेथेंच घ्यावें. पीठ तर तेथेंच दळून घ्यावें, आणि याला कारण आहे. जोंधळ्याच्या किंवा बाजरीच्या पिठांत गव्हासारखा चिकटपणा नसतो. तें जितकें ताजें तितकी भाकरी थापतांना अखंड राहते. जुनें झालें कीं कडा फाटतात. नवशिक्यानें पीठ कढत पाण्यानें भिजवावें, परातींत तळहातानें चांगलें मळावें, आणि एका वेळीं एकाच भाकरीपुरतें घ्यावें. भाकरी तव्यावर टाकली कीं वरच्या बाजूस पाण्याचा हात फिरवावयाचा, पाणी सुकूं लागलें कीं उलटावयाची, आणि शेवटीं ती निखाऱ्यापुढें उभी करून फुगवावयाची. पहिल्या दोन बिघडतील, तिसरी खाण्याजोगी होईल.

दुसरी अडचण डाळीची. या भागांतल्या खोल विंधनविहिरींचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. त्यांतल्या क्षारांमुळें तुरीची डाळ तासभर शिजूनही दांताखालीं कचकचते. त्यावर उपाय म्हणजे डाळ आधीं भिजत घालावी, मीठ व चिंच ती शिजल्यावर घालावी. किंवा सरळ मुगाची डाळ वापरावी. मुलें कुरकुरूं लागलीं तर पिठलें आहेच. बेसन, लसूण, हिरवी मिरची आणि शेतांतला कांदा एवढ्यावर चार माणसें तृप्त होतात.

हुरड्याची गोष्ट वेगळी. जमिनींत उथळ खड्डा करून त्यांत गोवऱ्यांचा विस्तव करतात. त्याला आगटी म्हणतात. कोंवळीं कणसें त्या धगींत खुपसून भाजावयाचीं, आणि गरम असतांनाच तळहातांवर चोळून दाणे मोकळे करावयाचे. चोळणाऱ्याचे हात पोळतात, पण थंड झालेलें कणीस नीट सुटत नाहीं. जोडीला लसणीची चटणी, दही आणि गुळाचा खडा. यांत लक्षांत घेण्याची गोष्ट ही कीं हुरडा खाणें म्हणजे पुरतें पिकण्याआधींच पीक खाणें होय. जेवढीं कणसें आगटींत गेलीं तेवढें धान्य शेतकऱ्याच्या कणगींत जाणार नाहीं. म्हणून हुरड्याची किंमत ज्वारीच्या भावानें करूं नये.

दौंड तालुक्यांत केडगांवच्या आसपास गुऱ्हाळें पुष्कळ. चरकांतून निघालेला रस मोठ्या काहिलींत आटवितात. खालीं चुलवाणांत उसाचींच वाळलेलीं चिपाडें जळत असतात. रसावर मळी येऊं लागली कीं ती काढून टाकतात; मळी नीट वर यावी म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालण्याची जुनी रीत आहे. काहिलीजवळ उभा असलेला गुळव्या रसाचे बुडबुडे पाहून पाक ओळखतो आणि नेमक्या क्षणीं काहील उतरवावयास सांगतो. जरा लवकर उतरली तर काकवी राहते, जरा उशीर झाला तर गूळ काळा पडतो. मुलांना रसायनशास्त्राचा असा धडा शाळेंत मिळणार नाहीं. मात्र काहिलीपासून मुलांना चार हात दूर ठेवावें.

आतां पाण्याचा प्रश्न. पुणेंकर दौंडला पाहुणा म्हणून जातो खरा, पण पाण्याच्या नात्यानें तो तेथें परका नाहीं. पानशेत, वरसगांव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांचें पाणी पुण्याच्या नळांना येतें, आणि त्याच सांठ्यांतून उजवा कालवा हवेली, दौंड व इंदापूर या तालुक्यांच्या शेतांकडे जातो. शहर वाढलें, नळ वाढले, आणि कालव्याच्या आवर्तनासाठीं शेतकऱ्याला वाट पाहावी लागूं लागली. शहरानें वापरलेलें पाणी शुद्ध करून मुंढव्याहून उपसावयाचें आणि जुन्या बेबी कालव्यानें शेतांकडे पाठवावयाचें, अशी योजना झाली आहे; परंतु त्या पाण्याच्या शुद्धतेविषयीं खालच्या गांवांतून तक्रारी ऐकूं येतात. मुळा-मुठेंत शहर जें सोडतें तें पुढें भीमेला मिळतें आणि उजनीच्या जलाशयापर्यंत जातें. १९८० मध्यें पुऱ्या झालेल्या या धरणाच्या फुगवट्यावर हिंवाळ्यांत रोहित पक्षी उतरतात आणि ते पाहण्यासाठीं आपणच दुर्बिणी घेऊन जातों! शिरूरच्या बाजूस चासकमानचा कालवा व चिंचणीचें घोड धरण यांच्यावर शेतीची भिस्त आहे. पण कालव्यापासून दूर असलेल्या गांवांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते.

अशा मुलखांत पाहुण्यानें पोहण्याचा तलाव मागणें शोभत नाहीं. अंघोळीला एक बादली पुरते. भाज्या धुतलेलें पाणी परसांतल्या झाडाला घालावें. भांडीं राखेनें घांसून थोड्या पाण्यांत विसळावीं. मुक्कामाच्या पहिल्याच दिवशीं यजमानाला विचारावें, "दादा, पाणी कोठून येतें आणि किती दिवसांचें आहे?" या एका प्रश्नानें मुलांना भूगोलाच्या पुस्तकापेक्षां अधिक कळेल, आणि यजमानालाही बरें वाटेल.

यानंतरचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, तो श्रमाचा. पाहुणा आपला स्वयंपाक आपण करणार, असें म्हटलें कीं वरवर पाहतां यजमानीणबाईंवर कांहीं भार पडत नाहीं. प्रत्यक्षांत काय घडतें? पाहुण्यांना चूल पेटवितां येत नाहीं, म्हणून ती पेटवून देतात वहिनी. पाणी भरून ठेवतात वहिनी. "वहिनी, चारच भाकऱ्या थापून द्या हो, तुमच्या हातची चव कांहीं औरच," असें कौतुक होतें, आणि चाराच्या चौदा होतात. सकाळीं धारा काढून, शेतावर खुरपणी करून आलेली ती बाई संध्याकाळीं पाहुण्यांच्या तव्यापुढें बसते. भाड्याच्या हिशेबांत हे कष्ट कोठेंच लिहिलेले नसतात. घराचे पैसे बहुधा घरधन्याच्या हातांत जातात आणि कौतुक तेवढें बाईंच्या पदरांत पडतें.

दुसऱ्या बाजूला पाहुण्यांच्या कुटुंबांत काय होतें, तेंही पाहूं. घरीं गॅस, कुकर, मिक्सर आणि मदतनीस अशा चार सोयी असतात. येथें त्या नाहींत. पुरुषमंडळी झाडाखालीं बाज टाकून मोकळ्या हवेची स्तुति करीत असतात, मुलें रानांत भटकतात, आणि गृहिणी धुरानें डोळे चोळीत परक्या स्वयंपाकघरांत डबे शोधीत असते. अशा सुटीला तिनें सुटी कां म्हणावें? मागच्या काळच्या हवापालटांतही हा दोष होता. हवा सर्वांची पालटे. घरांतल्या बाईचें काम तेवढें पालटत नसे.

यावर तोड आहे आणि ती अवघड नाहीं. निघण्यापूर्वींच कामांची वांटणी करावी. चूल पेटविणें, लांकडें आणणें, भाकऱ्या थापणें हीं कामें पुरुषांनीं व मोठ्या मुलांनीं घ्यावीं. गांवच्या जत्रेंत शें-दोनशें पानांचा स्वयंपाक पुरुषच करतात, तेव्हां चार पानांचा करण्यास त्यांस संकोच वाटण्याचें कारण नाहीं. निदान एक पूर्ण दिवस गृहिणीनें स्वयंपाकघरांत पाऊल ठेवूं नये, असा करार करावा. आणि यजमानीणबाईंकडून भाकरी हवी असेल तर ती मागून घेऊं नये, विकत घ्यावी. दर आधीं ठरवावा आणि पैसे त्यांच्याच हातीं द्यावे. कौतुकानें पोट भरत नाहीं. मोबदल्यानें मान राहतो. एक-दोन वेळां त्यांना आपल्या चुलीवरचें जेवण्याचें आमंत्रणही द्यावें. आपली फसलेली भाकरी पाहून त्या मनापासून हंसतील, आणि त्या हंसण्यानें दोन्ही घरांतला संकोच नाहींसा होईल.

पैशाच्या व्यवहारासंबंधीं आणखी एक गोष्ट. शेतावर भाजी घेतांना शहरांतल्या भावाशीं तुलना करून हट्टानें घासाघीस करणारे लोक असतात. समजा, कांदा बाजारसमितींत पंधरा रुपये किलोनें जातो आणि पुण्याच्या दुकानांत तीस रुपयांनीं विकला जातो. मधले पंधरा रुपये हमाली, तोलाई, अडत, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा यांत जातात. शेतावर तो बावीस रुपयांनीं घेतला तर शेतकऱ्याला सात रुपये अधिक मिळतात आणि पाहुण्याचे आठ वांचतात. दोघांचाही लाभ होण्याचे व्यवहार जगांत थोडे. हा त्यांपैकीं एक आहे. तो घासाघिशीनें नासूं नये.

शेवटीं सावधगिरीचे दोन शब्द. ऊंसाच्या दाट फडांत बिबट्यांना बारमाही आडोसा मिळूं लागला, आणि जुन्नर, आंबेगांव, खेड व शिरूर या तालुक्यांत त्यांचा वावर फार वाढला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शिरूर तालुक्यांतील पिंपरखेडच्या परिसरांत बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलें दगावलीं. गांवकऱ्यांची ही रोजची धास्ती आहे. तिची पाहुण्यानें गंमत करूं नये. अंधार पडूं लागला कीं मुलांना घरांत घ्यावें, उघड्यावर झोंपूं नये, फडाच्या कडेनें एकट्यानें जाऊं नये, रात्रीं बाहेर पडणें भाग असल्यास हातांत विजेरी असावी आणि मोठ्यानें बोलत जावें. उरलेलें खरकटें बाहेर टाकूं नये; त्याच्या वासानें कुत्रीं येतात आणि कुत्र्यांच्या मागें बिबट्या येतो. घोणस व मण्यार या विषारी सापांसाठीं खबरदारी म्हणून जमिनीवर अंथरूण घालूं नये, आणि सरपणाच्या ढिगांत पाहिल्याशिवाय हात घालूं नये. कुकडीच्या रांजणखळग्यांची कड गुळगुळीत असते; तेथें मुलांचा हात सोडूं नये.

श्रोतेहो, एखादें गांव आपणांस खरोखर कळलें कीं नाहीं याची परीक्षा सोपी आहे. परत आल्यावर त्या गांवच्या विहिरीची खोली, कालव्याच्या आवर्तनाचा दिवस, गिरणीची वेळ आणि यजमानीणबाईंचें नांव सांगतां आलें पाहिजे. तयार ताटावर बसून जेवणाऱ्या पाहुण्याला यांतलें बहुधा कांहीं सांगतां येत नाहीं, कारण त्याला विचारण्याची गरजच पडत नाहीं. आपली चूल आपण पेटविणाऱ्याला मात्र दूध कोणाकडे, पीठ कोठें, पाणी केव्हां, हें विचारावेंच लागतें, आणि विचारतां विचारतां ओळख होते. सिएनाच्या टेकड्या फार दूर आहेत आणि तेथें जाण्यास खर्चही फार. भीमा आणि घोड आपल्या उंबऱ्याशीं वाहत आहेत. येत्या पौषांत चार दिवस काढावे, कामें वांटून घ्यावीं, मोबदला चोख द्यावा, पाणी जपून वापरावें. निघतांना चुलींतला विस्तव आपल्या हातानें विझवावा, राख काढावी, ओटा सारवलेला असेल तर तो सारवूनच द्यावा, आणि यजमानांचा निरोप घ्यावा. "पुनः या" हे शब्द त्यांनीं आपण होऊन म्हटले, तर सुटी सत्कारणीं लागली असें खुशाल समजावें.